शिवण बाहेरून

(काळा पडदा. पायमशीनचा आवाज. हळूहळू उजेड येतो, सुई खाली-वर होताना दिसते.)

साताऱ्यातल्या या घरात दुपारी दोन ते चार सगळे झोपतात. मावशी सोडून.

आज मशीनवर पांढरं मलमल आहे, म्हणून सुई 11 नंबरची. ब्लाउजला लावते ती 14 नंबरची सुई मलमलीला भोकं पाडते. कापड काल बादलीत भिजवून, खळ काढून, दोरीवर वाळवलंय. आधी आटू दिलं नाही तर पहिल्याच धुण्यात झबलं बोटभर आखडतं.

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झालीय. आज सहावा दिवस. बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी बाळंतविडा तयार हवा: झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि एक कुंची. डिंकाचे लाडू दुसऱ्या मावशीकडे आहेत. त्यांचा आपल्या गोष्टीशी संबंध नाही, पण वास इथपर्यंत येतोय.

(कपाट उघडतं. पेपरात गुंडाळलेलं कापड.)

हे कापड चार महिन्यांपासून कपाटात पडून होतं. कात्री मात्र बाळ जन्मल्यावरच लागली. आधी काही शिवायचं नाही, असा रिवाज. पहिल्या दिवशी बाळाच्या अंगात होतं ते शेजारच्या गुटगुटीत पोराचं जुनं झबलं. का, असं विचारलं तर मावशी म्हणते, "असतंय तसं."

मला त्यात शहाणपण दिसतं. पन्नास वेळा धुतलेल्या सुतासारखं मऊ काही नसतं. आणि त्या रिवाजाच्या तळाशी भीतीही असणार. मावशीच्या आईला नऊ मुलं झाली, जगली पाच. शिवून ठेवलेलं झबलं घडी करून परत ठेवायची वेळ कुणावर येऊ नये, एवढंच त्यामागं असेल.

(वरून दृश्य: कापडावर खडूची रेघ. कात्रीचा आवाज.)

झबल्याचा बेत. नुकत्या जन्मलेल्या बाळाची छाती साधारण 13 इंच. मावशी घेर 20 इंच धरते, लांबी 10. समोरचा एक भाग दुसऱ्यावर आला पाहिजे, म्हणून जास्तीचं कापड. बाही वेगळी जोडायची नाही, अंगाबरोबरच कापायची. बाही जोडली की काखेत शिवण आली, आणि काखेत शिवण आली की बाळ रडणार.

समोरून पूर्ण उघडं. बाळाची मान धरलेली नसते, झबलं डोक्यातून घालायला गेलं तर एका हातानं मान सांभाळायची आणि दुसऱ्यानं झबल्याशी झटायचं. बटण नाही. बटण तुटतं, आणि तुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. त्याऐवजी बंद. तेही जेमतेम गाठ बसेल एवढेच, कारण लांब बंद गळ्याभोवती येऊ शकतो.

आता हे नीट बघा.

(अगदी जवळून: झबल्याची बाजूची शिवण, कापडाच्या कडा बाहेरच्या अंगाला.)

टीप मारून झाली. तुम्ही-आम्ही असतो तर कापड उलटवून शिवण आत घेतली असती. मावशी उलटवत नाही. कडा बाहेरच्या बाजूला राहतात, ती त्या दुमडून वरून दुसरी टीप घालते. आतली बाजू तळहातासारखी गुळगुळीत. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, तीही बाहेरून. लोकांना दिसते ती बाजू ओबडधोबड, बाळाला लागते ती साफ.

हे तिला कुणी शिकवलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिनं पहिलं झबलं शिवलं, थोरल्या बहिणीच्या मुलासाठी. गळ्याला नायलॉनची लेस लावली होती. सगळ्या आळीनं कौतुक केलं. संध्याकाळपर्यंत पोराच्या गळ्याभोवती लाल रेघ उठली. तो पोरगा म्हणजे मी. मला काही आठवत नाही, पण मावशी चाळीस वर्षं विसरलेली नाही.

(नऊवारी पातळ उजेडासमोर धरलेलं. विरलेल्या जागी खिडकीचे गज दिसतात.)

दुपट्याला नवं कापड चालत नाही. हे आजीचं पातळ. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या आसपास. मावशी ते हातहात खिडकीपुढे सरकवते. जिथून गज दिसतात तिथं सूत विरलंय, तेवढं सोडायचं. काठ कडक, तेही काढायचे. आठ मीटरमधून तीन दुपटी निघाली.

दोन पदर एकावर एक, आणि हातानं धावदोरा. मशीनची टीप जुन्या सुताला कापते, असं तिचं म्हणणं. कडेनं सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचं. दोऱ्याला गाठ मारायची नाही, दोन टाके मागं घ्यायचे. गाठ पाठीला टोचते. एका दुपट्याला दोन दुपारी जातात. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण, तिनं कधी वापरलं नाही, तिच्या मधल्या बोटाचं टोक बघा.

दुपट्यात बाळाला गुंडाळायची पद्धत मात्र आमच्या घरात बदललीय. पूर्वी पाय सरळ करून घट्ट बांधायचे, "नाहीतर फेंगडं होतं" म्हणून. आता डॉक्टर सांगतात, पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या, घट्ट बांधल्यानं खुब्याचा सांधा सरकू शकतो. हे मावशीनं लगेच मानलं. मोहरीच्या उशीवरून मात्र भांडण झालं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी आमच्याकडे प्रत्येक बाळाला असायची. वर्षाच्या आत झोपताना उशी नको, बाळाला पाठीवर सपाट झोपवा, असं बालरोगतज्ज्ञ म्हणाले, तेव्हा मावशी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उशी उसवली. मोहरी फोडणीच्या डब्यात गेली.

(खणाची घडी उलगडते. निळं-जांभळं कापड, लाल काठ.)

आता कुंची. हिच्यासाठी खण. हा खण विणतात कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुडला, आणि मिरवतो आपण. कुंचीइतकं सोपं शिवण दुसरं नाही: एक आयत, मधोमध दुमडायचा, वरची कड शिवायची. झालं टोक. बाकीचं कापड पाठीवरून खाली सुटतं. वारा कानात जात नाही आणि टाळू झाकलेली राहते. टोकाला एक गोंडा, तोही टाक्यांवर टाके घालून पक्का केलेला. खणाची पाठ खरखरीत असते, म्हणून आत मलमलीचं अस्तर. बाहेर पडतानाच घालायची, घरात आलं की काढायची. साताऱ्याच्या दुपारी घरात डोकं झाकून ठेवलं तर बाळ उकडून निघेल.

तुळशीबागेत तयार कुंच्या मिळतात, बऱ्याही असतात. तयार सेटबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मागच्या महिन्यात एक आणला, त्यात जाळीचा फ्रॉक आणि बूट होते. ज्याला अजून कूस बदलता येत नाही, त्याला बूट.

(अंगणात उघडी सूटकेस. वजनकाटा.)

मावशीची दुसरी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणाला आई गेली तेव्हा 23 किलोच्या दोन बॅगांपैकी एक लाडू, अळीव आणि दुपट्यांनी भरली होती. वजन जास्त झालं, काहीतरी काढायला लागणार होतं. आईनं स्वतःचा स्वेटर काढला. जानेवारी महिना होता.

(सकाळ. अंगणातली दोरी. चिमटे.)

बाळाच्या अंगाला लावण्याआधी सगळं एकदा धुवायचं, साध्या साबणानं, अत्तरी पाण्याशिवाय. सहा झबली दोरीवर आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून बघतात.

"अहो, झबली उलटी वाळत घातलीत."

मावशी चिमटा लावत राहते. वर न बघताच म्हणते, "सुलटीच आहेत."