क्रूझवर अटॅक आला तर? समोर रत्नागिरीचे दिवे, पण पोचायचं कसं

[दृश्य : रात्र. रत्नदुर्गावरून दिसणारा समुद्र. लांब दिव्यांची एक ओळ हळूहळू दक्षिणेकडे सरकतेय.]

ही लांबवर दिसतेय ना दिव्यांची ओळ, त्या मच्छीमार बोटी नाहीत बरं का, ते क्रूझ जहाज आहे. संध्याकाळी मुंबईत बॅलार्ड पिअरवरून सुटलं, आता रात्रभर किनाऱ्याला समांतर कोकण मागे टाकत जाणार आणि उद्या गोवा. आत दीड-दोन हजार माणसं असतील, जेवणं चाललीयत, डीजे चालूय, कोणी डेकवर सेल्फी काढतंय, आणि यातल्या भरपूर जणांच्या बॅगेत बीपीची गोळी, शुगरची गोळी, नायतर रक्त पातळ करायची गोळी आहे, कारण क्रूझवर नवीन लग्न झालेल्यांपेक्षा रिटायर झालेली माणसंच जास्त हौसेने जातात.

धरून चला, रात्री दीडला सातव्या डेकवरच्या एका केबिनमधे 68 वर्षांच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटलाय, डावा हात जड झालाय. काकू म्हणतायत अॅसिडिटी असेल, बुफेला एवढं खाल्लंत. काका पण तेच म्हणतायत. (हा अर्धा-पाऊण तास सगळीकडेच वाया जातो, जमिनीवर पण.) शेवटी काकू केबिनमधला फोन उचलतात.

फोन गेला की स्पीकरवर 'कोड अल्फा' किंवा तसलं काहीतरी पुकारलं जातं. प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा, पण हेतू एकच, स्टाफला कळलं पाहिजे आणि बाकी पाहुण्यांची झोप उडता कामा नये. टीम पळत येते आणि पहिली अडचण दारातच. केबिनचं दार लहान, दारातून आत जाणारी बाथरूमच्या बाजूची बोळ त्याहून लहान, आडवं स्ट्रेचर तिथे वळतच नाही. मग पेशंटला खुर्चीवर बसवून, पट्ट्यांनी बांधून बाहेर काढायचं आणि स्टाफच्या लिफ्टने खाली न्यायचं. मेडिकल सेंटर बहुतेक जहाजांवर खालच्या डेकवर असतं, कारण तिथे जहाज सगळ्यात कमी हलतं, आणि दुसरं म्हणजे पाण्याच्या जरा वर जहाजाच्या अंगात जे दार असतं ते तिथून जवळ पडतं. ते दार लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

जहाजावर डॉक्टर असतो का हा प्रश्न सगळे विचारतात. असतो. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे 100 किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर क्वालिफाइड डॉक्टर ठेवणं बंधनकारक आहे. चांगल्या क्रूझवर डॉक्टर, नर्स, ईसीजी, मॉनिटर, शॉक द्यायचं मशीन, एक्स-रे, छोटी लॅब, व्हेंटिलेटर एवढं मिळतं. म्हणजे तालुक्याच्या बऱ्याच दवाखान्यांपेक्षा बरं. पण ही सगळी सोय बरं करण्यासाठी कमी आणि किनारा येईपर्यंत टिकवून धरण्यासाठी जास्त आहे, आणि हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

काकांचं बघा. ईसीजी काढला, अटॅक आहे हे कागदावर सरळ दिसलं. आता अँजिओप्लास्टी लागणार, ती जहाजावर होत नाही, कॅथ लॅब नसते. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं आणि ते ईसीजी बघून तिथल्या तिथे देता येतं. म्हणजे काका त्यातल्या त्यात नशीबवान. पण ह्याच काकांना जर अटॅकऐवजी पॅरालिसिसचा झटका आला असता, तोंड वाकडं, बोबडी वळलेली, तर गोष्ट वेगळी होती. मेंदूच्या झटक्याला पण गुठळीवरचं इंजेक्शन आहे, साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण झटका गुठळीमुळे आलाय की आत रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर माणूस मरू शकतो. सीटी स्कॅन क्रूझवर सहसा नसतो. म्हणजे डॉक्टर समोर उभा आहे तरी त्याचे हात बांधलेले, आणि घड्याळ चालूच. पोटात रक्तस्राव झाला तरी तीच गत, ब्लड बँक नाही. काही जहाजांवर तर अशा वेळी अनाउन्समेंट करून प्रवाशांमधूनच रक्तदाते शोधतात.

[दृश्य : ब्रिज, म्हणजे कॅप्टन जहाज चालवतो ती खोली. अंधार, रडारचा हिरवा पडदा.]

डॉक्टर कॅप्टनला सांगतो, पेशंट उतरवायला लागेल. कॅप्टन सॅटेलाइट फोनवरून मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला कॉल करतो. हे केंद्र कोस्ट गार्ड चालवतं. असली तीन मोठी केंद्रं देशात आहेत, मुंबई, चेन्नई आणि अंदमानात, आणि मिळून सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्या अंगावर आहे. तिथला ड्युटीवरचा माणूस ठरलेले प्रश्न विचारतो : जहाज कुठे आहे, कुठल्या दिशेला किती स्पीडने चाललंय, पेशंटचं वय काय, शुद्धीवर आहे का, बीपी किती, काय औषध दिलं, चालू शकतो का, वारा किती, लाटा किती. 'चालू शकतो का' हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता बघणाऱ्याला वाटणार की एवढं काय, रत्नागिरी तर समोर दिसतेय, वळवा की जहाज! इथेच कोकणचा किनारा फसवतो. आपली बहुतेक बंदरं खाडीच्या तोंडावरची. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बार साचलेला असतो, भरती-ओहोटी बघून ट्रॉलरसुद्धा जपून आत घेतात. क्रूझला खाली सहा-सात मीटर तर पाणी लागतंच. ते हर्णैला, देवगडला, मालवणला धक्क्याला लागूच शकत नाही. जयगड आणि दिघी ही खोल पाण्याची बंदरं आहेत, मोठी मालवाहू जहाजं येतात तिथे, पण एवढं प्रवासी जहाज मध्यरात्री आत घ्यायचं म्हणजे पायलट (बंदराची वाट दाखवणारा जाणकार) पाहिजे, टग (जहाज ओढणारी बोट) पाहिजे, धक्का रिकामा पाहिजे. म्हणून बहुतेक वेळा जहाज बाहेरच थांबतं, कोस्ट गार्डची बोट येते आणि पेशंट त्या मघाच्या दारातून बोटीत द्यायचा.

ह्या देण्याबद्दल आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 1980 च्या दशकापर्यंत मुंबई-गोवा बोट सर्व्हिस होती, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत जायची, आणि बऱ्याच ठिकाणी आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून, म्हणजे होडीतून ये-जा करायची. पडाववाले सांगायचे, पडाव वर आला की पाय टाका, खाली जाताना नको. धडधाकट माणसाला ते जमायचं, गरोदर बाईला आणि आजाऱ्याला हातावर झेलून घ्यायचे. आज बोट नव्या बांधणीची आणि इंजिन दमदार असलं तरी दोन बोटींच्या मधलं ते हाताभर पाणी तेच आहे. जहाज उंच, ते लाटेला संथ हलतं, छोटी बोट भराभर वर-खाली होते, आणि मधे स्ट्रेचर. सलाईन लावलेलं. म्हणून जहाज आडवं वळवून वारा स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणजे दुसऱ्या बाजूला पाणी जरा शांत होतं, आणि त्या शांत बाजूला पेशंट उतरवतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त जीव ह्याच दोन-तीन मिनिटांत टांगणीला लागतो, आणि टीव्हीवर मात्र नेहमी हेलिकॉप्टरच दाखवतात.

हेलिकॉप्टरचं पण सांगतो. रत्नागिरीला कोस्ट गार्डचं एअर स्टेशन आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर दमण, गोवा हेही तळ आहेत. पण हेलिकॉप्टर मागवायचं की नाही हा हिशोब आहे. जहाज 20 नॉटने चाललं तर तासाला 37 किलोमीटर काटतं. किनारा 40 किलोमीटरवर असेल तर जहाज तासाभरात जवळ येतं, आणि तेवढा वेळ हेलिकॉप्टरची तयारी, उड्डाण, शोधणं, वर ओढणं यातच जातो, वर रिस्क वेगळी. लांब समुद्रात असाल तर मग पर्यायच नाही.

आणि वर ओढणं म्हणजे काय ते नीट बघा. मोकळ्या डेकवरून खुर्च्या, छत्र्या, टॉवेल, सगळं आत घ्यायचं, कारण खाली येणारा वारा इतका जोरात असतो की स्विमिंग पूलाजवळचा एक टॉवेल उडून पंख्यात गेला तरी संपलं. बाल्कनीत उभं राहून मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्यांना आत पिटाळायचं, कारण पायलटच्या डोळ्यांवर अंधारात बघायचे गॉगल असतात, त्यात लाईट घुसला की त्याला दिसायचंच बंद. फायर टीम होज घेऊन उभी. जहाजाने स्पीड आणि दिशा बदलायची नाही. वरून हुक खाली येतो, आणि तो कोणी हातात धरायचा नाही, आधी डेकला नायतर पाण्याला टेकू द्यायचा, कारण पंख्याच्या घर्षणाने हेलिकॉप्टरवर वीज साचलेली असते, धरणाऱ्याला झटका बसतो. आणि ती तार जहाजाला कुठेही बांधायची नाही, म्हणजे नाहीच, बांधली आणि जहाज हललं तर हेलिकॉप्टरच खाली येईल. स्ट्रेचर वर जाताना वाऱ्याने भोवऱ्यासारखं गरगर फिरायला लागतं म्हणून त्याला एक पातळ दोरी लावून खालून एक जण हळूहळू सोडत राहतो. पेशंट शुद्धीवर असेल तर हे सगळं तो बघत असतो, छातीत दुखत असताना.

हे होतं का आपल्या समुद्रात? होतं. 16 ऑगस्ट 2023 च्या रात्री, भर पावसाळ्यात, मुंबईपासून साधारण 200 किलोमीटरवर पनामाचा झेंडा असलेल्या एका संशोधन जहाजावरच्या चिनी माणसाला छातीत दुखायला लागलं, जहाज चीनहून यूएईला चाललं होतं. कोस्ट गार्डच्या एएलएच हेलिकॉप्टरने अंधारात जाऊन त्याला उचलून आणलं. आणि दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. 2 सप्टेंबर 2024 च्या रात्री गुजरातेत पोरबंदरसमोर 'हरि लीला' नावाच्या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेलं असंच हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. आत चौघे होते. एक वाचला, तिघे गेले. तेव्हा 'लगेच हेलिकॉप्टर का नाय पाठवलं' असं कमेंट करण्याआधी हे आठवावं.

[दृश्य : रत्नागिरीचं मिरकरवाडा मच्छीमार बंदर, सकाळ. बर्फाच्या लाद्या फोडणं चालूय.]

क्रूझवर निदान डॉक्टर तरी आहे. ह्या ट्रॉलरवर कोण आहे? तांडेल (बोटीचा म्होरक्या) आहे, खलाशी आहेत, आणि एका डब्यात बँडेज, पेनकिलर आणि उलटीच्या गोळ्या. विंचच्या दोरात बोटं गेली, तार तुटून तोंडावर बसली, असलं काही झालं की तांडेल व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर बोलतो किंवा 1554 लावतो, तो कोस्ट गार्डचा टोल फ्री नंबर, रेंज असेल तर. इस्रोचं एक छोटं यंत्र पण आहे, बटण दाबलं की सॅटेलाइटवरून संदेश जातो. बाकी बोट वळवायची आणि फुल्ल स्पीडने बंदराकडे. डिझेल गेलं, फेरी गेली, पण कोणी त्यावर वाद घातलेला मी तरी ऐकला नाहीये.

आता परत काकांकडे. समजा ते नीट उतरले, अँब्युलन्समधे आले. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले पुढे न्या, तर कोल्हापूर, म्हणजे आंबा घाट धरून सुमारे 130 किलोमीटर. सिंधुदुर्गात उतरले असते तर लोक बांबोळी म्हणाले असते, गोव्याचं मेडिकल कॉलेज. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही, आपल्याकडे अटॅक आला की घरात आधी गाडी कुणाची आणि घाट कुठला ह्याचीच चर्चा होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीयत, हळूहळू फरक पडेल अशी आशा आहे. तोवर समुद्रातून वाचवून आणलेला माणूस घाटात वाचवायचा असतो.

आणि किनारा नेहमी हात पसरून उभा असतो असंही नाही. जानेवारी 2022 मधे मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर 66 जण कोविड पॉझिटिव्ह निघाले, शेवटी जहाज परत मुंबईला आलं.

म्हणून जाणार असाल तर जा, मजाच येते, पण जुना ईसीजी मोबाईलमधे फोटो काढून ठेवा, जहाजावरच्या डॉक्टरला नवीन ईसीजीशी तुलना करायला तो लई कामाचा असतो. गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नको. रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर तिचं नाव बायकोला, मुलांना पाठ पाहिजे. मेडिक्लेम वाचून जा, कारण जहाजावरच्या दवाखान्याचं बिल बहुतेक ठिकाणी केबिनच्या खात्यावर चढतं आणि ते साधं नसतं.

राहिल्या काकू. हेलिकॉप्टरमधे जागा पेशंटपुरती, बोटीत पण घेतीलच असं नाही, रात्रीच्या अंधारात दुसऱ्या माणसाला उतरवायची रिस्क कॅप्टन सहसा घेत नाही. म्हणजे काका रत्नागिरीच्या आयसीयूत आणि काकू दोघांच्या बॅगा घेऊन जहाजावर, जहाज पुढे गोव्याला. सकाळी मुरगावला उतरायचं, रिक्षा-टॅक्सी करून मडगाव स्टेशन गाठायचं आणि तिथून कोकण रेल्वे, रत्नागिरी चार-पाच तास, गाडी वेळेवर असली आणि बसायला जागा मिळाली तर.