आधी भात आणा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली. आता घरात वाढदिवस कसा करायचा हे माझी मुलगी ठरवते, त्यामुळे पुरणपोळीचा ठराव चर्चेलाही आला नाही. "आजीला थाई खायला न्यायचं," असा तिचा हुकूम निघाला. आईचं सगळं आयुष्य मालवणात गेलं. गेली दहा वर्षं ती आमच्याकडे डोंबिवलीत असते. तिला विचारलं तर म्हणाली, "मासे मिळतत मा थंय? मगे झाला."

तर आम्ही चौघं निघालो. हॉटेल मोठं होतं, उपनगरातल्या एका काचेच्या इमारतीतलं. नाव सांगत नाही. आकाशवाणीवरून कुणाची जाहिरात नको आणि तक्रारही नको.

मुंबईत महागडं थाई जेवण ही आजची गोष्ट नाही. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात 'थाई पॅव्हिलियन' सुरू झालं ते 1993 साली, आनंदा सोलोमन या शेफच्या हाताखाली. बंगालच्या उपसागरापलीकडचं जेवण म्हणजे लाल चटणीतलं चायनीज, अशी तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची पक्की समजूत होती. तिकडे थायलंडच्या सरकारने 2002च्या सुमारास एक योजनाच काढली. परदेशात थाई रेस्टॉरंटं वाढावीत, त्यांना स्वयंपाकी मिळावेत, माल मिळावा, आणि लोकांनी जेवता जेवता त्या देशाच्या प्रेमात पडून विमानाचं तिकीट काढावं. आमच्या ओळखीतले निम्मे लोक आता बँकॉक-फुकेतला जाऊन आलेत, म्हणजे योजना फसली असं कुणी म्हणणार नाही.

आत शिरलो. उजेड इतका मंद की आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "ह्या काळोखात वाचतलंय कशी?" मग मोबाइलच्या बॅटरीवर आम्ही मेनूकार्ड वाचलं. आसपासच्या टेबलांवरही तसेच काजवे चमकत होते. एवढे पैसे घेतात तर एक बरा दिवा लावायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

मागवलं ते सांगतो. तोम यम, म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट सार. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. कोळंबीची हिरवी करी. लिंबाच्या रसात वाफवलेला अख्खा मासा. आणि तुळस घातलेलं चिकन. भात अर्थातच.

सार आलं, चार छोट्या वाट्यांतून. आईने पहिला घोट घेतला, भुवया वर गेल्या. मग तिने चमच्याने वाटीचा तळ ढवळायला सुरुवात केली आणि एकेक वस्तू काढून बशीच्या कडेला मांडू लागली, गणपतीपुढे पत्री मांडावी तशी. पहिली आली ती चेचलेली जाड काडी. तिने नाकाला लावली. "ह्यो तर गवती चाय!" बरोबर. आपण पाती चहात टाकतो, ते लोक खालचा पांढरा दांडा वापरतात. मग आल्यासारखी एक चकती, पण आलं नव्हे. ते कोळिंजन. घसा बसला की आमच्या लहानपणी ज्याचा तुकडा दाढेखाली धरायला लावत, तेच. थाई भाषेत त्याला नुसतं 'खा' म्हणतात. तिसरं होतं एक हिरवंगार पान, एकाला एक जोडलेली दोन पानं असावीत तसं. लिंबाचं होतं, पण आपल्या कागदी लिंबाचं नाही. खडबडीत सालीच्या मक्रूत नावाच्या लिंबाचं. या तिन्ही वस्तू खायच्या नसतात हं. आमटीतल्या कढीपत्त्यासारख्या बाजूला सारायच्या. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ मात्र निष्ठेने काडी चावत बसले होते.

वाट्या उचलल्या गेल्या. मग बराच वेळ काही नाही. मग सोम तम आलं. ते खाऊन संपलं, त्या बशाही गेल्या. पुन्हा वाट पाहणं. मग आली हिरवी करी, एकटीच. आई करीकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळली. "भात खंय हा?"

भात येतोय, असं सांगण्यात आलं.

"अरे झिला," आई म्हणाली, "आमी जेवूक इलंव काय वाट बघूक? ह्यां काय एकेक हाडतत? सगळा एकदम हाडूक सांग मरे."

मुलीने डोळ्यांनी मला दटावलं, म्हणजे आजीला आवर. पण श्रोतेहो, मला तुम्हाला आज सांगायचंय ते हेच. त्या अख्ख्या रेस्टॉरंटात, लाकडी कोरीव दरवाजापासून पाण्यातल्या कमळांपर्यंत, थाई पद्धतीचं सगळ्यात अस्सल काही असेल तर ती होती आमच्या आईची मागणी.

कारण थायलंडमध्ये जेवण असं तुकड्यातुकड्यांनी येतच नाही. 'जेवणे' याला त्यांचा शब्द आहे 'किन खाव'. किन म्हणजे खाणे, खाव म्हणजे भात. भात खाल्ला म्हणजे जेवलो. भेटल्यावर विचारतात तेही आपल्यासारखंच, जेवलात का? आणि बाकीचे जे पदार्थ, म्हणजे करी, भाजी, मासे, कोशिंबीर, त्या सगळ्यांना मिळून म्हणतात 'कप खाव'. भाताबरोबरचं. आपण तोंडीलावणं म्हणतो ना, तसं. प्रत्येकाच्या ताटलीत मध्ये भात, आणि बाकी सगळं मधोमध ठेवलेलं, सामाईक. तोम यमचं भांडंही तिथेच, जेवण संपेपर्यंत. एका भांड्यातलं चमचाभर घ्यायचं, भाताशी खायचं, मग दुसऱ्यातलं. सगळ्याचा ढीग एकदम करून घेत नाहीत, ते हावरटपणाचं दिसतं. आणि चॉपस्टिक्स मागू नका. त्या नूडल्सच्या वाडग्यासाठी. भात चमच्याने खातात. डाव्या हातातला काटा फक्त चमच्यावर ढकलण्यापुरता.

आता कल्पना करा. तुमच्याकडे पाहुणे आलेत. तुम्ही त्यांना आधी नुसती कोशिंबीर वाढली. ती संपल्यावर बशी उचलली. दहा मिनिटांनी वाटीभर आमटी, प्या म्हणालात. वाटी उचलली. मग लिंबाचं लोणचं. त्यानंतर अळूची भाजी. आणि सगळ्यात शेवटी कोरडा पांढरा भात. पाहुणे तुमच्याशी पुन्हा बोलतील का? डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, ही मांडणी फक्त शोभेची नसते. आमटी जरा आंबट झाली तरी चालते, कारण शेजारी गोडसर भोपळ्याचं भरीत आहे. तिखट चटणी सोसते, कारण भात आहे. थाई स्वयंपाकाचं आंबट, गोड, खारट, तिखट यांचा मेळ म्हणून जे कौतुक होतं, तो मेळ बराचसा या मांडणीतून होतो. प्रत्येक वाटीत स्वतंत्र होत नाही. सोम तम नुसतं खाल्लं तर जीभ पोळते आणि हिरवी करी नुसती खाल्ली तर चार चमच्यांत मळमळतं.

ही एकामागून एक वाढण्याची रीत युरोपातली, आणि तिथेही फार जुनी नव्हे. फ्रान्समध्येसुद्धा पूर्वी मेजवानीचे पदार्थ टेबलावर एकदम मांडत. पाळीपाळीने वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिला म्हणतातच रशियन पद्धत. तीच सगळ्या मोठ्या हॉटेलांनी उचलली. म्हणजे बघा, थायलंडचं जेवण, रशियाची रीत, डोंबिवलीचं गिऱ्हाईक.

गोडाबद्दल एक सांगायला हवं. आमची हिरवी करी गोडच होती, जवळजवळ खिरीच्या वाटेवर. तिचं नाव 'केंग खियाव वान'. खियाव म्हणजे हिरवा, वान म्हणजे गोड. यातला 'गोड' रंगाचा आहे असं सांगतात, फिका, नाजूक हिरवा. करी गोड असावी असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे मात्र गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून साखर पडते. चांगल्या ठिकाणी गेलात तर करीच्या कडेला तेलाचे बारीक हिरवे ठिपके दिसतील. नारळाचं घट्ट दूध आधी तेल सुटेपर्यंत आटवून त्यात वाटण परतलं, याची ती खूण. नुसतं उकळत्या दुधात वाटण ढवळलं की ते दिसत नाहीत. हे मला पुस्तकाने सांगितलं, पण आईने ते वाटी तिरकी धरून पाहिलं आणि म्हणाली, "परतुक नाय हां." एवढंच.

मासा मात्र उत्तम होता. मेनूवर 'सी बास' छापलेलं. थायलंडमध्ये या पदार्थाला जो मासा वापरतात तो म्हणजे आपला जिताडाच, रायगडातल्या लोकांचा जीव की प्राण. पण विचारून घ्या. चिलीहून येणाराही एक सी बास असतो, तो निराळा मासा आणि किंमतही निराळी. आमचा जिताडाच निघाला. वर लिंबाचा रस, लसूण, हिरवी मिरची. बाकी काही नाही. आईने डोकं स्वतःकडे ओढून घेतलं आणि पुढची दहा मिनिटं कुणाशी बोलली नाही.

मग तुळशीचं चिकन. आता इथे घोटाळा आहे. थाई लोकांच्या तुळशी एकाहून जास्त. एक होरापा, बडीशेपेच्या वासाची, ती हिरव्या करीत जाते. दुसरी कप्राव, आणि ती म्हणजे आपल्या अंगणातली तुळस. तीच जात. मिरची-लसणावर मांस परतायचं आणि शेवटी मूठभर पानं टाकायची. तिकडे हे रोजचं, टपरीवरचं खाणं. मी उत्साहाने हे आईला सांगितलं आणि तिचा हात थांबला. वृंदावनातली तुळस, कोंबडीत? तिने एक पान तोंडात टाकलं. चावलं. "ही नाय ती," म्हणाली आणि निवांत जेवायला लागली. खरंच नव्हती. सोयीची म्हणून बऱ्याच ठिकाणी दुसरीच पानं घालतात. एरवी मी याला फसवणूक म्हटलं असतं. त्या दिवशी बरं वाटलं.

शाकाहारी श्रोत्यांसाठी एक सूचना. 'व्हेज थाई करी' वाचून लगेच निर्धास्त होऊ नका. करीच्या मूळ वाटणात बहुधा कापी असतो. बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाटून केलेला गोळा. मिठाच्या जागी नाम प्ला, म्हणजे खारवलेल्या मासळीचं पाणी. मुंबईतली चांगली रेस्टॉरंटं शाकाहारी वाटण वेगळं ठेवतात, पण विचारायचं. नुसतं "व्हेज आहे का" असं विचारू नका, "वाटणात कोळंबी आहे का" असं विचारा.

या कापीवरूनच त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग घडला. आम्हाला वाढत होती ती मुलगी थाई रेशमाच्या पोशाखात होती, केसांत ऑर्किड. आईने तिला सरळ विचारलं, "तू थायलंडची गो?" ती हसली आणि हिंदीत म्हणाली, "नहीं आजी, मैं मणिपुर से." श्रोतेहो, आपल्या शहरांतल्या अशा रेस्टॉरंटांत हे सर्रास आहे. ईशान्येकडची मुलं चेहऱ्यामुळे थाई, जपानी, चिनी, जे हवं ते म्हणून उभी केली जातात. आपण त्यांना वाकून नमस्कार करायला लावतो आणि वातावरण अस्सल झालं म्हणतो. मला तरी ते ओशाळवाणं वाटतं.

आईला तसलं काही वाटलं नाही. तिने वाटणातला वास ओळखला होता. "जवळो हा ह्याच्यात," ती म्हणाली. मी त्या वाढणाऱ्या मुलीला हिंदीत समजावलं की आमच्याकडे बारीक सुकी कोळंबी असते, तिला जवळा म्हणतात, त्याची चटणी करतात. मुलीचा चेहराच बदलला. त्यांच्याकडे आंबवलेली मासळी असते, ङारी. उकडलेल्या भाज्या, भाजलेली मिरची आणि ती मासळी एकत्र कुस्करतात, त्याला एरोम्बा म्हणतात. मुंबईत खोली मिळवताना घरमालक आधी त्याच्या वासाबद्दल विचारतात, असंही तिने सांगितलं. आई म्हणाली, "आमकाय इचारतत." डोंबिवलीत आमच्या मजल्यावर सुके बोंबील भाजायची वेळ दुपारी तीनची ठरलेली आहे, जिन्यात कुणी नसताना.

त्यानंतर त्या मुलीने काय केलं, तर आत गेली आणि उरलेलं सगळं एकदम घेऊन आली. भाताचं मोठं भांडं मध्ये. करी पुन्हा गरम करून. न मागितलेली एक लहान वाटीही होती. तिच्यात नाम फ्रिक कापी, म्हणजे कापी, लसूण, मिरची, लिंबू आणि ताडगूळ खलात कुटून केलेली चटणी. मेनूवर नव्हती ती. आत काम करणाऱ्यांच्या जेवणासाठी केलेली. आईने भातात आळं केलं, करी ओतली, कडेला चटणी घेतली, चमचा खाली ठेवला आणि हाताने जेवली. त्या जागेत हाताने जेवणारी ती एकटीच होती.

बिल आलं ते मी बघितलं आणि घडी घातली. आईने ते माझ्या हातातून घेतलं, मोबाइलच्या उजेडात धरलं. सेवा शुल्क लावलं होतं. ते सक्तीचं नसतं, काढायला सांगता येतं, पण आईने मला गप्प केलं आणि ते त्या पोरीला मिळतं का हे आधी विचारायला लावलं. मग ती एका ओळीवर थांबली.

"ह्या काय? भाताचे चारशे वीस?"

"वासाचा तांदूळ असतो आजी, थायलंडवरून येतो," माझी मुलगी म्हणाली.

आईने बिल घडी करून परत दिलं. "मगे उरलेलो बांधून घी."