नजर बाणावर

श्रोतेहो, नमस्कार. बोलिंग म्हटलं की तुम्हाला क्रिकेट आठवणार, पण मी बोलतोय ते टेन-पिन बोलिंगबद्दल. गुळगुळीत लेनवरून जड बॉल सोडायचा आणि पलीकडं त्रिकोणात उभ्या केलेल्या, बाटलीच्या आकाराच्या दहा पिना पाडायच्या. आपल्या सांगलीची पोरं पुण्याला गेली की हे खेळून येतात आणि आल्यावर एकच रडगाणं, "सगळे बॉल गटरमध्ये गेले." गटर म्हणजे लेनच्या दोन्ही कडांची पन्हळ.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. नजर पिनांवर नको, बाणांवर हवी. पुन्हा सांगतो, बाणांवर.

बॉल सोडायच्या रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर. लेनची रुंदी साडेतीन फुटांच्या आतच, आणि तेवढ्यात ३९ उभ्या पट्ट्या. हात एक अंशानं वाकडा सुटला तरी तिकडं पोचेपर्यंत बॉल फूटभर सरकलेला असतो. दोन पिनांतलं अंतरही तेवढंच, फूटभर. म्हणून रेषेपुढं साधारण १५ फुटांवर सात बाण काढलेले असतात. लांबचं निशाण धरण्यापेक्षा जवळचं धरणं सोपं.

हे मला कुणी शिकवलं? आमच्या मामांनी. मामा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गेल्या दिवाळीत त्यांना पुण्याला नेलं, तर नातवंडं त्यांना मॉलमधल्या बोलिंगला घेऊन गेली. धोतर, वर स्वेटर आणि पायात तिथले भाड्याचे लाल-निळे बूट. (चहाचा भाव ऐकून मामांनी तो घेतलाच नाही. बरं केलं. चहात दूध घालायला हात आखडणाऱ्यांना पैसे का द्यायचे?)

पहिले पाच बॉल थेट उजव्या गटरमध्ये. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मामा मात्र गप्प. रेषेपाशी उकिडवे बसले, डोळे बारीक केले आणि नातवाला विचारलं, "हे बाण कशापायी रं?"

"डिझाईन असतंय, आजोबा."

"रस्त्यावर कोण फुकट पट्टा मारत न्हाई," मामा म्हणाले.

मग सांगलीच्या आयर्विन पुलाची गोष्ट निघाली. पूल १९२९ सालचा, तेव्हाच्या मोटारी त्या केवढ्याशा, म्हणून पूलही अरुंद! रात्रीची गाडी पुलावर घातली आणि समोरून ट्रक आला की नवा ड्रायव्हर त्याच्या दिव्यांकडंच बघत राहायचा. "बघशील तिकडं जाशील," मामा म्हणाले. "दिव्याकडं बघायचंच न्हाई. आपल्या बाजूची कड बघायची. ट्रक त्याच्या वाटंनं जातो."

सहावा बॉल त्यांनी उजवीकडून दुसऱ्या बाणावरून सोडला. बाणावरून बरोबर गेला, पण वळत वळत डावीकडं निसटला, तिकडच्या तीनच पिना पडल्या. नातू म्हणाला, "आजोबा, आता पुढचा बाण धरा." मामांनी मान हलवली. "बाण त्योच. पाय सरकवतो."

आणि ते डावीकडं दोन पट्ट्या सरकून उभे राहिले.

श्रोतेहो, हे नीट ऐका. बॉल डावीकडं चुकला, तर पाय डावीकडं. उजवीकडं चुकला, तर पाय उजवीकडं. बॉल जिकडं चुकतो, तिकडंच पाय सरकवायचे, बाण बदलायचा नाही. बाण १५ फुटांवर, त्यापुढं पिना ४५ फुटांवर, म्हणून इकडं एक पट्टी सरकलात की तिकडं बॉल उलट्या बाजूला तीन पट्ट्या सरकतो. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला कळलं. मामांनी कागद मागितला नव्हता.

सातवा बॉल पहिली पिन आणि तिच्या लगेच मागं उजवीकडची तिसऱ्या नंबरची, यांच्या फटीत घुसला. उजव्या हातानं खेळणाऱ्याची हीच जागा. नऊ पिना धाडकन आडव्या! उजव्या कोपऱ्यातली दहावी तेवढी उभी. मामा बराच वेळ तिच्याकडं बघत होते. "खिळा ठोकलाय तिला," म्हणाले.

आता तेलाचं. लेनवर सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेल असतं, शेवटचा भाग कोरडा. कॅरमवर बोरिक पावडर जिथं असते तिथं स्ट्रायकर सरकतो आणि नसते तिथं अडतो, तसंच. फिरकी दिलेला बॉल तेलावर सरळ घसरतो आणि कोरड्यावर पकड घेऊन वळतो. (कॅरमवर अंगाला लावायची पावडर टाकणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी खेळू नये.)

हाताला जोर नको, झोपाळ्यासारखा येऊ द्या. आणि बॉल जड घेऊन शेखी मिरवू नका. १६ पौंडांचा म्हणजे सव्वासात किलोचा बॉल असतो, दहाव्या फेरीला खांदाच सांगतो काय ते.

राहिली ती कोपऱ्यातली दहावी पिन. तिच्यासाठी लेनच्या अगदी डाव्या कडेला उभं राहून बॉल तिरका, मधल्या बाणाच्या आसपासून सोडायचा. मामांना हे अजून सांगितलेलं नाही. दर आठवड्याला फोन करून विचारतात, "त्या खिळ्याच्या पिनेचं काय झालं?" सांगितलं, तर पुण्याच्या पेट्रोलचा खर्च माझ्याच बोकांडी.

नमस्कार.