तीनशे रुपयांच्या पुस्तकात दुकानाला काय उरतं?

मंडळी, पुस्तकाच्या दुकानाचा विषय निघाला की आपण नव्या कागदाच्या वासावर आणि उभ्याउभ्या पुस्तकं चाळण्याच्या सुखावर बोलू लागतो. ते सुख मोठंच आहे. आज मात्र गल्ल्याबद्दल बोलू या, कारण दुकान बंद पडतं ते तिथे.

मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल आठवा. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्यातल्या स्ट्रँड चित्रपटगृहात ते सुरू केलं, पुढे ते फोर्टात आलं. वाचकाला घसघशीत सूट देणारं दुकान अशी त्याची ख्याती होती. त्यावर जीव लावणारे वाचक शेवटपर्यंत होते, तरी फेब्रुवारी २०१८मध्ये ते बंद झालं. जी सूट एकेकाळी दुकानाची ओळख होती, ती आज मोबाइलवर कुणालाही मिळते.

आता हिशेब मांडू. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, दुकानाला कमिशन ३५ टक्के, असं धरू. म्हणजे दुकानाला ते १९५ला पडलं, हातात आले १०५. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली की उरले ७५. यातून भाडं, वीज, नोकराचा पगार आणि पार्सलचं भाडं भागवायचं. तेच पुस्तक ऑनलाइन २५ टक्के सुटीत दिसतं म्हणून तुम्ही घासाघीस केलीत आणि दुकानदाराने मान्य केलं, तर त्याला उरतात ३० रुपये.

खरी अडचण पुढे आहे. त्याने २० प्रती उचलल्या, बिल झालं ३,९०० रुपये, मुदत ९० दिवसांची. तीन महिन्यांत आठ प्रती २७० रुपयांनी खपल्या. गल्ल्यात आले २,१६०. बिल चुकवायला १,७४० रुपये खिशातून गेले आणि बारा प्रती फडताळात राहिल्या. अशी दोनशे वेगवेगळी पुस्तकं दुकानात असतील तर साडेतीन लाख रुपये अडकले! म्हणूनच चांगल्या कवितासंग्रहाच्या दोनच प्रती दिसतात आणि स्पर्धापरीक्षांच्या गाइडांची थप्पी दाराशी असते. दुकानदाराला दोष देण्याआधी हे गणित पाहावं.

परतीच्या बोलीवर माल घेतला असेल तर न खपलेल्या प्रती परत जातात, पण त्या कोऱ्या असाव्या लागतात. पावसाळ्यात लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं, कारण दमट हवेत कागदाची आतली बाजू फुगते आणि वरचं प्लास्टिक फुगत नाही. काचेजवळ ठेवलेल्या प्रतींचा कणा उन्हाने विटतो. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं पुस्तक टेबलावर सपाट उलगडलं की कण्यातला डिंक तडकतो आणि पानं सुटू लागतात. तेव्हा दुकानात पुस्तक चाळताना तळहातावर धरून अर्धंच उघडावं. ती प्रत तुम्ही घेतली नाहीत तरी विकण्याजोगी राहते.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, याचा अर्थ ते करमुक्त तयार होतं असा मात्र नाही. प्रकाशक कागदावर कर भरतो आणि पुस्तकावरच कर नसल्याने त्याची वजावट त्याला मिळत नाही. तो भार किमतीत येतो.

फूटपाथवरच्या चोरट्या प्रती तर लेखकापासून दुकानापर्यंत सगळ्यांचं पोट मारतात. त्या ओळखणं अवघड नाही. मूळ पुस्तक स्कॅन करून छापलेलं असतं, त्यामुळे अक्षर जाडसर होतं, ‘ष’मधली तिरकी रेघ बुजते, अनुस्वार मात्रेला चिकटतो. समास एका पानावर रुंद, समोरच्या पानावर अरुंद. फोटो काळवंडलेले. शंका आली तर घेऊ नका.

फ्रान्समध्ये १९८१च्या कायद्याने नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. ऑक्टोबर २०२३पासून तिथे ३५ युरोंखालच्या ऑनलाइन मागणीवर घरपोच पाठवण्याचे किमान ३ युरो आकारावेच लागतात. त्यामुळे लहान दुकानाला किमतीच्या लढाईत उतरावं लागत नाही. आपल्याकडे छापील किंमत ही फक्त वरची मर्यादा आहे, खाली कितीही जाता येतं. असा कायदा इथेही हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर वाचकाच्या हाती एक गोष्ट आहे: मागणी नोंदवणं. पुस्तक दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवू नका, चिठ्ठी लिहून द्या. ‘ते निळ्या कव्हरचं’ असं सांगून कुणालाच पुस्तक सापडत नाही. चिठ्ठीवर नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, लिहा. भारतीय पुस्तकाचा तो बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतो. निम्मी रक्कम आगाऊ द्या. एका प्रतीसाठी पार्सल मागवणं दुकानाला परवडत नाही, तेव्हा वाचकगटाने त्याच प्रकाशकाची पाच-सात पुस्तकं एकदम सांगावीत. सोसायटीच्या वाचनालयाची, शाळेच्या बक्षिसांची खरेदीही अशीच जवळच्या दुकानातून व्हावी. एका बिलात महिन्याचं भाडं निघू शकतं. आणि पुस्तक आल्याचा फोन आला की त्याच आठवड्यात जाऊन ते घ्या, कारण तुमच्या नावाने बाजूला ठेवलेली प्रत दुसऱ्याला विकता येत नाही.