रेघ नको, काठ द्या

हा जो किर्रर्र आवाज येतोय ना, तो स्पायरल सॉचा. हाताला ड्रिलसारखंच लागतं, बिटपण तशीच, एक सूत जाडीची, म्हणजे इंचाचा आठवा भाग. फरक एवढाच की ड्रिल खाली जातं आणि ही बिट बाजूला कापत सुटते, मिनिटाला साधारण ३०,००० फेरे. मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन स्पायरल सॉ मागितलं तर बहुतेक वेळा ट्रिमरच, म्हणजे लाकडाच्या कडा कापायचं छोटं हातमशीन, पुढे करतात, आणि खरं सांगायचं तर माझं बरंचसं काम त्यावर होतं.

मला दिसत नाही. जोगेश्वरीला गाळा आहे, फर्निचर बनवतो, आणि लोकांचा प्रश्न ठरलेला, "दादा, हात नाही का कापत?"

आता एक गंमत ऐका. हे मशीन १९७० च्या दशकात अमेरिकेत जिप्सम बोर्ड लावणाऱ्या एका कारागिराने काढलं. स्विचबॉक्स भिंतीत आधीच बसवलेला असतो, त्यावर बोर्ड ठोकला की बॉक्स झाकला जातो, आणि मग नेमकं त्याच्याभोवती कापायचं, तेही डोळस माणसाला बॉक्स दिसत नसताना! म्हणून त्या बिटचं टोक गुळगुळीत ठेवलं, टोकाला धार नाही, ते आत बॉक्सच्या काठाला घासत फिरतं आणि कापायचं काम वरची धार करते. म्हणजे हे मशीन मुळातच चाचपडत चालणारं आहे, मग मी चालवलं तर लोकांना एवढं नवल का वाटावं कोण जाणे.

मोकळ्या हाताने चालवायचं म्हटलं तर मात्र हे मशीन वांड आहे. सर्क्युलर सॉला निदान पात्याची दिशा असते, याला दिशाच नाही, लाकडाची नस जिकडे ओढेल तिकडे पळतं. डोळस माणूस पेन्सिलच्या रेघेकडे बघून सावरतो, मला तिथे काठ लागतो. म्हणून आधी प्लायचा टेम्प्लेट, म्हणजे हव्या त्या आकाराचा साचा, तो कामावर क्लॅम्पने आवळायचा, हाताने हलवून बघायचा, आणि मगच स्विच. ट्रिमरच्या बिटला बेअरिंग, म्हणजे मोकळं फिरणारं छोटं चाक असतं, ते टेम्प्लेटला टेकून चालतं. वस्तूच्या बाहेरून फिरायचं तर घड्याळाच्या उलट, भोकाच्या आतून फिरायचं तर घड्याळासारखं. दिशा बरोबर असली की बिट स्वतःच काठाकडे ओढली जाते, चुकली की काठ सोडून पळते, आणि ते मनगटाला लगेच कळतं. दोन्ही हात मशीनवर, एकही हात लाकडावर नाही. लाकूड धरायला क्लॅम्प आहे ना!

मापाचं विचाराल तर एम-६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, टोकापासून टोकापर्यंत आटे असलेला फुल थ्रेड रॉड आणि एक नट. त्याचे आटे १ मिलिमीटरचे, नट एक फेरा फिरला की १ मिलिमीटर सरकला, नटवर कानशीने एक खाच पाडली की फेरे बोटाने मोजता येतात. सूत म्हणजे तीन फेरे आणि वर थोडंसं.

गॉगल घातला की गाळ्यातली पोरं हसतात, काका तुम्हाला कशाला. अरे बाबांनो, दिसत नाही म्हणून डोळ्यात भुसा गेला तर झोंबत नाही होय? कानांचं दुखणं त्याहून मोठं. माझं निम्मं जग कानावर चालतं, त्यामुळे ते झाकायला जिवावर येतं, पण ट्रिमरच्या आवाजाने कान गेले तर उरलं काय, म्हणून प्लग घालतोच. मोटरवर लोड आलाय का ते मग तळहाताला थरथर बदलली की समजतं. बंद केल्यावरही बिट थोडा वेळ फिरत असते, ती थरथर पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवत नाही आणि वायरची पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय कापलेल्या जागेला बोट लावत नाही. बिट तापलेली असते ती वेगळीच.

पावसाळ्यात एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या बोर्डाचे टेम्प्लेट काठाला फुगतात, बोटाला जाणवेल न जाणवेल एवढं, पण बेअरिंगला तेवढाही उंचवटा पुरतो. म्हणून जूनच्या आधी रोज लागणारे टेम्प्लेट ॲक्रिलिकमध्ये कापून घेतो.

एक मशीन मात्र मी घेत नाही, दगड-लाद्या कापायचा मार्बल कटर. आपल्याकडे त्याला लाकडाचं पातं लावतात, गार्ड काढून टाकतात आणि पायाखाली प्लाय दाबून सरळ कापत सुटतात. डोळसांनीपण करू नये असं काम आहे ते, मला कोणी कितीही घाई केली तरी मी ट्रॅक, म्हणजे मशीन सरळ चालवणारी पट्टी, लावून सर्क्युलर सॉच काढतो, गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसा, चहा घ्या, वेळ लागेल.