घामट मोजे आणि मासळीचा वास

मी माईकपाशी पोचायच्या आतच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "डॉक्टर, कार्निटीन म्हणजे जिमवाले चरबी जाळायला घेतात तेच ना?" हो, तेच. पण धडधाकट माणसाच्या अंगात ते पुरेसं असतं. वरून टोचून घेतलेलं बरंचसं लघवीवाटे जातं, पैशांसकट.

१९०५ साली ते मांसाच्या अर्कात सापडलं आणि मांसाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं. शाकाहाऱ्यांनी दचकू नये, आपलं यकृत आणि मूत्रपिंडं ते घरच्या घरी तयार करतात. त्याचं काम हमालीचं. लांब साखळीची स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे मोठे तुकडे, पेशीतल्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, नेऊन टाकायची. काही मुलांत कार्निटीन पेशीत ओढून घेणारं दारच जन्मतः नादुरुस्त असतं. मग ते लघवीतून वाहून जातं, उपाशी पोटी साखर घसरते, हृदय थकतं. उत्तर अटलांटिकातल्या फॅरो बेटांवर तर सुमारे ३००त एकाला हा आजार आहे.

मला मात्र कार्निटीनचं दुसरं काम जास्त भावतं. ते घंटागाडीचं.

पाच दिवसांचं एक बाळ आलं होतं. दूध ओढेना, उलट्या, अंग सैल. आई रडत होती, आजी म्हणाली, "डॉक्टर, याच्या अंगाला घामट मोज्यांसारखा वास येतोय." निम्मं निदान त्या माउलीनं केलं. आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमिया. दुधातल्या प्रथिनांमधलं ल्युसिन नीट मोडत नाही आणि अर्धवट मोडलेलं आम्ल साचत जातं. कार्निटीन त्या आम्लाला चिकटतं आणि लघवीवाटे घेऊन जातं. पण गाड्या कमी, कचरा फार, म्हणून बाहेरून द्यायचं.

तोंडानं दिलेल्यातलं जेमतेम १५ टक्के रक्तात पोचतं आणि हे बाळ तर ओकत होतं. म्हणून सुई. वायल ५ मिलिलिटरची, तीत १ ग्रॅम. बाळ ३ किलोचं, किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये भरलं फक्त पाऊण मिलिलिटर. सिस्टरनं ते दोन-तीन मिनिटं घेऊन हळूहळू शिरेत सोडलं. प्रथिनं बंद, ग्लुकोजचं सलाईन आधीच चालू होतं. ते नसेल तर एकट्या कार्निटीनच्या हातून काही होत नाही.

आणि 'कार्निटीन कमी' एवढा रिपोर्ट पाहून सुई उचलायची नाही. लांब साखळीची स्निग्धाम्लं जाळण्यातच दोष असेल तर शिरेतून ते द्यावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. हृदयाचे ठोके बिघडण्याची धास्ती असते.

डायलिसिसवाल्यांचं थोडक्यात सांगतो. यंत्र कचऱ्याबरोबर कार्निटीनही धुऊन नेतं, म्हणून कमतरता सिद्ध झालेल्यांना डायलिसिस संपता संपता शिरेतून देतात. सरसकट सगळ्यांना नाही. फिटांवरचं व्हॅल्प्रोएट जास्त होऊन रक्तात अमोनिया चढला, तरी हीच वायल कामी येते.

ते बाळ कार्निटीनचं सिरप घेऊन घरी गेलं. काही आठवड्यांनी आजीचा फोन. "मोज्यांचा वास गेला हो, पण आता मासळीचा येतोय. आम्ही माळकरी माणसं!" आतड्यातले जंतू सिरपातल्या काही कार्निटीनचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, त्याचा तो वास. मी डोस थोडा उतरवला. आजी पुढच्या तपासणीला आल्या त्या बाळाची मान हुंगतच.