तोटी आहे, कान नाही

पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. जन्म पुण्यात काढलेली पुष्कळ माणसं तिकडे फिरकलेली नसतात. मीही पन्नाशी उलटल्यावर गेलो, तेव्हा दुसऱ्याला बोलायला मला तोंड नाही. तिथे जोर्वे धाटणीची तोटीची भांडी आहेत. पुरातत्त्वाची मंडळी त्यांना ‘चंचुपात्र’ म्हणतात. आपण झारी म्हणू.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि अशा भांड्यांना या गावाचं नाव मिळालं. पुढे नेवासा, दायमाबाद, इनामगाव, जिथे जिथे खणलं तिथे हीच नारिंगी-तांबडी भांडी, त्यांच्यावर काळ्या रेघा. इ.स.पू. १४०० च्या आसपासचा काळ. लोखंड अजून यायचं होतं. तांबं होतं, पण जपून वापरायचं.

भांडं पाहताना घाई करू नका. फाकलेलं तोंड, मध्ये कंगोरा असलेलं पोट आणि खांद्यातून तिरकी निघालेली जाड तोटी. पोट चाकावर घडवलेलं, तोटी वेगळी करून जोडलेली. सांध्याशी ओल्या बोटाने माती चेपून सारखी केलेली दिसते. वरच्या रेघा आखीव: तिरक्या, समांतर, कुठे जाळी भरलेले चौकोन. एका झारीवर मला रेघ सुरुवातीला ठसठशीत आणि शेवटाकडे फिकी होत गेलेली दिसली. कुंचला कोरडा पडला आणि कुंभारीण म्हणाली असेल, चालतंय. (चितारणारी बाईच होती हा माझा अंदाज. आजही कुंभारवाड्यात माती मळण्यापासून रंगवण्यापर्यंत निम्मं काम बायका करतात आणि नाव चाकावर बसणाऱ्याचं होतं.)

सगळ्यांना ही चहाची किटली वाटते. पण किटलीला कान असतो, हिला नाही. म्हणजे एका हाताने उचलून ओतायची सोय नाही. मानेला धरायचं, बुडाला दुसरा हात लावायचा. ओतायचं काय? पाणी, दूध, की आणखी काही? पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना या तोट्या पाहून इराणकडची भांडी आठवली होती. नंतरच्या अभ्यासकांचा कल ही घडण इथलीच मानण्याकडे आहे. मला तर झारी म्हटलं की तोटीत अडकून बसलेले शुक्राचार्यच आठवतात. ते या तोटीत ऐसपैस मावले असते.

चांगलं भाजलेलं जोर्वे भांडं टिचकी मारली तर खणखणतं. त्यासाठी माती बारीक चाळावी लागते आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, आच टिकवावी लागते. इनामगावला गोल आवा सापडला, कुंभाराचं घरही ओळखता आलं. इ.स.पू. १००० नंतर मात्र पाऊसपाणी बिघडलं, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. भांड्यांचे आकार तेच राहिले, पण अंगावरची कळा गेली. अवर्षण खापरावर असं उमटतं.

आता एक प्रश्न. घरातली भांडी तर फुटतात. मग इतक्या जुन्या झाऱ्या अख्ख्या कशा मिळतात? बऱ्याचदा त्या मेलेल्या माणसाशेजारी ठेवलेल्या होत्या म्हणून. हे लोक आपली माणसं राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. लहान मूल असेल तर दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापाशी तोडलेले. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा तर्क आहे. सोबत झारी आणि वाडगा.

इनामगावच्या पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र वेगळंच निघालं. चार पायांचा फुगीर रांजण, आत बसवलेला चाळिशीचा पुरुष, पाय शाबूत. गावचा प्रमुख असावा. त्याच्यासोबतच्या जोर्वे भांड्यावर चित्र आहे ते लांब वल्ह्यांच्या नावेचं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा अर्थ परलोकाच्या वाटेवरचं पाणी ओलांडणं असा लावला. आपल्याकडे वैतरणी आहेच, त्यामुळे पटतंही.

पण इनामगाव घोड नदीच्या काठचं. उन्हाळ्यात ती बघा, धोतर वर खोचलं की माणूस पलीकडे जातो. लांब वल्ह्यांची नाव या चितारणाऱ्याने पाहिली तरी कुठे?